सातवा

"बस गं इथे. कितवा?"

जुलै महिना, डोंबिवली फास्ट, पुढचा लेडीज डबा. ठाण्याला चढले तेव्हा छत्री मिटायलाही वेळ मिळाला नव्हता. कुर्ता अंगाला चिकटलेला. दोन बाकांच्या मधल्या जागेत एका हाताने कडी धरून आणि दुसऱ्या हाताने ओली पर्स पोटाशी आवळून मी उभी होते. विचारणारी बाई तिसऱ्या सीटवर होती. मांडीवर पिशवी, पिशवीत गवार, शिरा काढून मोडायचं काम चाललेलं. उत्तराची वाट न बघता तिने पिशवी उचलून छातीशी धरली आणि ती उठलीसुद्धा. ठाण्याला चढणाऱ्या बाईला त्या डब्यात चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकाच्या कडेला टेकायची जागा, मिळाली तरी ती घरी जाऊन सांगते, आणि इथे चक्क तिसरी. 'नाही हो काकू, तसं काही नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी तिच्याकडे बघितलं, पर्सखालच्या माझ्या पोटाकडे बघितलं, आणि म्हणाले, "सातवा."

आणि बसले.

माझी मुलगी त्या वेळी घरी सासूबाईंच्या हातून मऊ खिचडी खात होती. वय महिने चौदा. "पहिलंच का?" बाईने विचारलं. हो म्हटलं. "काय खावंसं वाटतं?" पोह्याचे भाजके पापड, म्हटलं. "पाय सुजतात?" संध्याकाळी. गंमत म्हणजे त्यातलं एकही उत्तर बनवलेलं नव्हतं. सगळं खरंच, फक्त तारीख उलटून गेलेली. कुर्ल्याला तिने मला राजगिऱ्याची चिक्की दिली. सीएसएमटीला उतरताना तिने माझं कोपर धरलं, मागच्या बायकांना दरडावलं, "ए, धक्का नका देऊ, पोटुशी आहे ती." प्लॅटफॉर्मवर पाय टेकल्यावर मी जी सुटले ती सबवेपर्यंत मागे वळून बघितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून डबा बदलला. मधल्या लेडीजमध्ये चढायला लागले. तिथे उभं राहावं लागतं, पण माझं पोट तिथे कुणाच्या ओळखीचं नव्हतं.

हे मी नवऱ्याला रात्री सांगितलं तेव्हा तो आधी खूप हसला, मग माझा चेहरा बघून थांबला आणि म्हणाला, "मला तर काही फरक पडत नाही तुझ्या पोटाचा." चांगला माणूस आहे. पण या वाक्याने मला दरवेळी का राग येतो ते मला नीट सांगता येत नाही. जणू माझं पोट हा त्याच्याकडे मंजुरीला पाठवलेला कागद होता आणि त्याने उदारपणे सही करून टाकली. मला फरक पडत होता ना. सकाळी आंघोळीनंतर त्या छोट्या बाथरूममध्ये खाली वाकलं की जे दिसायचं ते असं: दुधावर साय धरल्यावर चमच्याने हलकेच ढकलली की कशी बारीक बारीक चुण्या पडून एका बाजूला गोळा होते, तशी बेंबीभोवतीची कातडी. त्यावर रेघा. पहिले सहा-आठ महिने त्या जांभळट लाल होत्या, मग विझल्या आणि मोत्याच्या रंगाच्या झाल्या. बोट फिरवलं तर किंचित खोलगट लागतात. आतला थर ताणून फाटलेला असतो, वरून तेल चोळून तो सांधत नाही, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी तीन प्रकारची तेलं आणि एक महागडं लोणी लावून बसले होते.

आजीच्या पोटावर अशा रेघा होत्या. गिरगावातल्या चाळीत दुपारी ती नऊवारीचा ओचा सैल करून जमिनीवर आडवी व्हायची आणि आम्ही दोघी-तिघी नाती तिच्या कुशीत. सहा बाळंतपणं. मी चार-पाच वर्षांची असेन, मला वाटायचं की आजी चटईवर पालथी झोपते म्हणून तिच्या पोटावर चटईच्या काड्या उमटल्या आहेत. एकदा मी तिला म्हटलंही, आजी, आता उताणी झोप, म्हणजे जातील. तिने ते अख्ख्या मजल्याला सांगितलं. त्या पोटाची तिला लाज वाटत असावी असं कधी दिसलं नाही, अभिमान वाटत असावा असंही नाही. तिथे ती पिशवी खोचायची, तपकिरीची डबी ठेवायची, लहान मूल टेकवायची. जागा होती ती, कामाची. अर्थात आजीला काय वाटत होतं ते तिला कुणी विचारलं होतं? चाळीतल्या संडासाच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला आपल्या पोटाकडे निवांत बघायला आरसाही नव्हता. तेव्हा 'जुन्या बायका कशा सहज स्वीकारायच्या' वगैरे मी म्हणणार नाही.

आणि तसं सहज कुणी स्वीकारतही नव्हतंच. माझ्या बाळंतपणात आईने मालिशवाली मावशी लावली होती. कळव्याहून यायची, बोटं अशी की हाडं मोजून घेतेय असं वाटावं. तिळाचं तेल, मग कढत पाणी, मग ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, आणि शेवटी आईच्या जुन्या सुती साडीची घडी करून पोट करकचून बांधायचं. "आत्ता बांधलं नाहीस तर वारं शिरेल पोटात, मग आयुष्यभर तशीच राहशील, मला नाव ठेवशील." वारं शिरेल. पोटातली रिकामी झालेली जागा दुसऱ्या कुणी बळकावण्याआधी कुलूप लावावं तसं ते बांधणं. सव्वा महिना मी शेकून निघाले, मे महिना, वर अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू. पोट बांधलेलं असताना आत असायचं, सोडलं की बाहेर. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "सैल बांधतेस तू."

लोकलमधल्या त्या दिवसानंतर दोन आठवड्यांनी मी दादरला उतरले. रानडे रोडच्या आसपास साड्यांच्या दुकानाच्या वर एक क्लिनिक आहे, नाव नको. जिन्यात फोटो: एकाच बाईची दोन पोटं. डावीकडचं उदास उजेडात, उजवीकडचं छान उजेडात, आणि उजवीकडे बाईने श्वास आत घेतलेला आहे हे कुठल्याही लोकलच्या बाईला कळावं. आत एसी, लिंबाच्या पाल्याचा वास, आणि टॅब घेतलेली एक गोड मुलगी, जिला लग्नाला अजून वेळ होता. "मॅम, मम्मी मेकओव्हर, पण सर्जरी नाही, नीडल नाही, लंच ब्रेकमध्ये होतं." चरबी गोठवायची. सहा बैठका, ६५,००० रुपये, वर तेव्हाचा १८ टक्के जीएसटी. मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे पोटाचं दुःख बाजूला ठेवून आधी माझा त्या १८ टक्क्यांवर डोळा गेला. आरोग्यसेवेला जीएसटी माफ असतो, पण सौंदर्यासाठी केलेलं त्यात धरत नाहीत. जन्मजात व्यंग असेल, अपघात किंवा इजा झाली असेल आणि ते दुरुस्त करायचं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे सरकारच्या लेखी बाळंतपण ही इजा नव्हे, आणि त्यानंतरचं पोट म्हणजे हौस. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली ती याच देशात. रजा मिळते, पोटावर कर लागतो. टॅबवाल्या मुलीला मी हे काही बोलले नाही. ती माझ्या पोटाचे फोटो काढत होती, भिंतीला टेकवून, समोरून, डावीकडून, उजवीकडून. ते तीन फोटो अजून त्या टॅबमध्ये असतील.

गोठवण्याची गोष्ट मात्र मोठी मजेशीर आहे, मी त्या रात्री मुलीला पाजता पाजता फोनवर वाचत बसले. १९७० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी एका तान्ह्या बाळाबद्दल लिहिलं होतं. बर्फाची कांडी चोखून त्याच्या गालात लाल, कडक गाठ आली होती. आतली चरबी थंडीने दुखावली होती, वरची कातडी शाबूत. चरबीच्या पेशींना थंडी कातडीच्या आधी बाधते. त्या निरीक्षणाचा धागा पकडून पुढे बोस्टनच्या संशोधकांनी यंत्र बनवलं आणि २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, त्याला कमरेच्या बाजूंसाठी परवानगी दिली, पोटासाठी त्यानंतर. यंत्राचा पेला पोटाची वळी आत ओढून धरतो, गोठवतो, आणि मेलेल्या पेशी शरीर पुढच्या दोन-तीन महिन्यांत निचरून टाकतं. त्या जागची चरबी साधारण पाचव्या-चौथ्या हिश्शाने कमी होते, तीही वळी चिमटीत धरता येण्यासारखी असेल तरच. क्वचित उलटंही होतं, चरबी आटायच्या ऐवजी टणक होऊन वाढते. लिंडा इव्हान्जेलिस्टा या सुपरमॉडेलने २०२१ मध्ये आपलं असं झालं म्हणून जाहीरपणे सांगितलं होतं. मला मात्र गिरगाव चौपाटीवरचा काला खट्टा आठवत राहिला. लहानपणी गोळा गालात धरून ठेवायचा आणि कुणाचा गाल आधी बधिर होतो ते बघायचं, हा आमचा खेळ. आईने चाळीस दिवस शेकलेलं पोट आता मी पैसे देऊन गारठवून घेणार होते.

पुढच्या मंगळवारी तिथल्या त्वचारोगाच्या डॉक्टर भेटल्या. साठीच्या आसपास, केस पांढरे, न रंगवलेले, त्या जागेत ते जरा उठूनच दिसत होते. त्यांनी टॅब बघितलाच नाही. "झोपा. गुडघे वर. आता नुसती मान उचला." आणि बेंबीच्या जरा वर, बरोबर मधोमध, त्यांनी बोटं टेकवली. ती आत गेली. म्हणजे खरंच गेली, एक, दोन, तीन, दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा आणि मधे काहीच नाही, मऊ. माझ्याच पोटात असा दरवाजा आहे हे मला चौदा महिने माहीत नव्हतं. "तुमचे हात द्या," म्हणाल्या आणि माझीच बोटं तिथे नेऊन ठेवली. पोटाचे दोन उभे स्नायू असतात, त्यांना मधे जोडणारी एक पांढरी पट्टी असते, बाळ वाढताना ती ताणते आणि स्नायू दोन बाजूंना सरकतात. बहुतेकींचे परत जवळ येतात, काहींचे नाही. डायस्टॅसिस रेक्टाय असं नाव आहे. "तुमच्या पोटावर चरबी फार नाहीच. यंत्राने काय गोठवणार मी? हे आतून ढकललं जातंय. तुम्ही सिट-अप्स काढता का, पोट कमी करायला?" काढत होते. रोज रात्री पन्नास, उताणी झोपून, दात ओठ खात. तेव्हा पोटाच्या मधोमध एक धार वर यायची, उलट्या होडीसारखी, आणि मला वाटायचं व्यायाम लागू पडतोय. "बंद करा. फिजिओथेरपिस्टकडे जा."

मला आनंद व्हायला हवा होता. ६५,००० वाचले होते, वर जीएसटी. समोर एक प्रामाणिक डॉक्टर होती, आपल्याच क्लिनिकचं गिऱ्हाईक परत पाठवणारी. आणि मी तिथे कागदाच्या चादरीवर पडून रडायच्या बेतात. कारण मला विकत घ्यायचं होतं काहीतरी. कुणीतरी पैसे घेऊन, पावती देऊन, लंच ब्रेकमध्ये हे काढून टाकावं एवढंच हवं होतं. श्वास आणि धीर आणि रोज वीस मिनिटं, हे सगळं पुन्हा माझ्यावरच आलं. आधीच रात्रीचं पाजणं, सकाळचे डबे, आठ बाराची गाडी. त्यात आता माझं पोटही मीच शिवायचं. त्यापेक्षा गोठवलेलं बरं, असं मला त्या क्षणी वाटलं होतं हे कबूल करायला हवं.

"रेघांचं काय?" मी विचारलं. लाल असताना आला असतात तर लेझरचा उपयोग जास्त झाला असता, म्हणाल्या. आता पांढऱ्या झाल्यात. मायक्रोनीडलिंगने, म्हणजे बारीक सुया टोचून, पोत सुधारेल, रेघा जाणार नाहीत. जाणार म्हणून कुणी सांगितलं तर जिना उतरा.

वांगाचं मात्र त्यांनी मनावर घेतलं. गालांवर आणि वरच्या ओठावर मला सातव्या-आठव्या महिन्यापासून तपकिरी डाग आले होते, सासूबाई जायफळ दुधात उगाळून लावायच्या, मी मुकाट लावून घ्यायचे. बाळंतपणानंतर शेजारणीच्या सांगण्यावरून केमिस्टकडून एक ट्यूब आणली होती. पंधरा दिवसांत चेहरा असा उजळला की ऑफिसात विचारणा व्हायला लागली. तिसऱ्या महिन्यात उन्हात गेलं की भाजल्यासारखं व्हायचं, गालावर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, आणि ट्यूब बंद केली की डाग दुप्पट. डॉक्टरांनी नाव ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. त्यात स्टिरॉइड होतं. चिठ्ठीशिवाय मिळायलाच नको, पण मिळतं, आणि मुंबईतल्या प्रत्येक त्वचारोग ओपीडीत असे चेहरे रोज येऊन बसतात. "अजून पाजताय ना? मग हायड्रोक्विनोन नको, रेटिनॉइड नको." अॅझेलेइक अॅसिडचं क्रीम दिलं आणि रंग असलेलं सनस्क्रीन, कारण वांगाला नुसतं कडक ऊनच नाही, साधा दिसणारा उजेडही पुरतो, आणि क्रीममधलं लोहाचं ऑक्साइड तो अडवतं. सावळ्या कातडीवर उगाच जोरात लेझर मारलं तर डाग आणखी गडद होतात, तेही सांगितलं. नंतर पाजणं सुटल्यावर मी त्यांच्याकडेच चार पील, म्हणजे औषध लावून वरची कातडी सोलून काढणं, करून घेतले. घरी पार्लरला जाते म्हणून सांगितलं. निम्मं वांग गेलं. मे महिन्यात त्यातलं थोडं परत आलं. मला त्याचं समर्थन करायचं नाही आणि पश्चात्तापही नाही. निम्मं गेलं तेव्हा मी आरशासमोर जरा जास्त वेळ उभी राहिले, एवढंच.

माझी एक मैत्रीण वैद्य आहे, नौपाड्यात बसते. तिला मी रेघांबद्दल सांगितलं तर म्हणाली, याला जुना शब्द आहे, किक्किस. चरकसंहितेत गर्भिणीच्या महिन्यावार वर्णनात येतो. पोट ताणतं, खाज सुटते, रेघा पडतात, त्यावर औषधी लोणी सांगितलंय, चंदनाचा लेप सांगितलाय, आणि खाज आली तरी खाजवायचं नाही असं बजावलंय. का? कातडी फाटू नये आणि वैरूप्य येऊ नये म्हणून. मी म्हटलं, म्हणजे तेव्हाही त्यांना पोट कसं दिसेल याची काळजी होती? "होतीच की." मग सहज विचारलं, कितव्या महिन्यात येतं हे? ती हसली, कारण लोकलची गोष्ट तिला माहीत होती. सातव्या.

फिजिओथेरपीला मी ऑफिसच्या जवळ जायला लागले. तिथे यंत्र नाही की लिंबाचा वास नाही, निळ्या रेक्झिनची चटई आणि एक कडक बाई. गुडघे वाकवून उताणं झोपायचं, श्वास सोडताना बेंबी पाठीच्या कण्याकडे न्यायची, धरायची, सोडायची. बघणाऱ्याला वाटावं की ही झोपलीय. पहिले तीन आठवडे मला काहीच जाणवलं नाही. चौथ्या आठवड्यात एकदा मुलीला कडेवर घेताना आत, खोलवर, काहीतरी ओढलं गेलं, जुन्या घराचं दार पावसाळ्यानंतर पहिल्यांदा चौकटीत बसावं तसं. हळूहळू तीन बोटांची दोन झाली, मग दीड. दीडवर थांबलंय. रेघा आहेत तिथेच आहेत. मुलगी आता त्यावरून बोट फिरवते आणि 'रस्ता' म्हणते, खेळण्यातली बस चालवते. मला गुदगुल्या होतात.

एप्रिलमध्ये एका सकाळी ओव्हरहेड वायरचं काहीतरी झालं, गाड्या वीस-वीस मिनिटं उशिरा. ठाण्याला जी आली तिच्यात शिरता येईल तिथे शिरायचं होतं, आणि गर्दीने मला नेमकं पुढच्या लेडीजमध्ये नेऊन टाकलं. नऊ महिन्यांनी. तोच डबा, तीच वेळ, खिडकीपासून तिसरी तीच बाई. या वेळी मांडीवर मटार.

"अगं! तू! काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं. खरंच होतं ते.

"लक्ष्मी आली. सीझर की नॉर्मल?" नॉर्मल. "पेढे कुठायत?" उद्या आणते, काकू. तोवर शेजारच्या दोघी-तिघीही वळल्या होत्या. "आता कितवा चालूय तिला?"

मी मनातल्या मनात जुलैपासून बोटं मोजली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. घाम फुटला.

"सातवा," म्हणाले.

फोटो दाखव म्हणाल्या. मी फोन उघडून मागे मागे गेले, जवळजवळ दीड वर्ष मागे, आणि जावळ काढलेला, दोन दातांचा एक फोटो काढून दिला. फोन हातोहात बाकावरून फिरला. काकूंनी तो लांब धरून बघितला, मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "सात महिन्यांत पोट काय उतरलंय गं तुझं! माझं बघ, धाकटा कॉलेजात गेला तरी आहे तसंच आहे. काय केलंस? मशीनवालं केलंस का ते?"

आता मात्र मला खरं सांगता येणार होतं. नाही म्हटलं, मशीन नाही. घरी उताणं झोपून मान उचलून बघा, आणि बेंबीच्या वर मधोमध अशी बोटं ठेवा, आत जातात का. इथे नाही हो, घरी, झोपून. पण तोवर काकूंनी मटारची पिशवी बाजूला सरकवली होती, आणि पदराखालून हात पोटाकडे गेला होता. शेजारच्या दोघींचेही ओढणीखाली गेले होते. घाटकोपर जाईपर्यंत तिघी काहीच बोलल्या नाहीत. माझा फोन चौथ्या सीटवरच्या मुलीच्या हातात तसाच राहिला होता.